ठेका उसना, शब्द आपले

तुमच्यापैकी कितीजण रॅप म्हणतात असे वर्गात विचारले, तर चार-दोनच हात वर होतील. मधल्या सुटीत मात्र निराळे चित्र दिसते. एकजण बाकावर मुठीने आणि बोटांनी ठेका धरतो, दुसरा त्यावर डब्यातल्या भाजीबद्दल, एस.टी.तल्या गर्दीबद्दल, नाहीतर गणिताच्या सरांबद्दल यमके जुळवीत सुटतो आणि भोवती घोळका जमतो. घंटा झाली की सारे थांबते. शिक्षकांना हा प्रकार बहुधा आवडत नाही. 'हे काय गाणे झाले? नुसती बडबड!' असे पुष्कळांचे मत असते, आणि स्नेहसंमेलनाच्या यादीतून रॅपचे नाव खोडताना त्यांना फारसे वाईट वाटत नाही.

माझे मत दोन्ही पक्षांहून थोडे वेगळे आहे. शिक्षकांना मला असे म्हणायचे आहे, की रॅप ज्या हिप हॉप संस्कृतीतून आला, तिच्यामागे पदार्थविज्ञान आणि कारागिरी यांचा मोठा भाग आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी तरी तो झटकून टाकू नये. तुम्हांला मात्र एक प्रश्न विचारायचा आहे. तुमचे शब्द तुमचे असतात, पण त्याखालचा ठेका कोणाचा असतो? बाकावर वाजविता तो तुमचाच. तेच गाणे मोबाइलवर मुद्रित करायची वेळ आली, की बाक बाजूला राहतो आणि तुम्ही इंटरनेटवरून एखादा तयार ठेका डाउनलोड करून घेता. तो अटलांटात किंवा लंडनमध्ये कोणीतरी बनविलेला असतो आणि जगभरातली असंख्य मुले त्याच ठेक्यावर गात असतात. पनवेलच्या मुलाने पनवेलबद्दल गायिलेल्या गाण्यात पनवेलचा एकही आवाज नसतो! मला हे खटकते. असा उसना ठेका घेण्याची आज मुळीच गरज उरलेली नाही, आणि स्वतःचा ठेका बनविताना जे विज्ञान हाताशी लागते ते दुसऱ्या कशाने सहसा लागत नाही.

प्रथम हे हिप हॉप आले कोठून ते पाहू. न्यू यॉर्क शहराचा ब्राँक्स नावाचा एक भाग आहे. १९४८ ते १९७२ या काळात या भागातून एक रुंद द्रुतगती मार्ग काढण्यात आला. तो भर वस्तीतून गेला, हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली, आणि उरलेली वस्ती दरिद्री झाली. (महामार्गांच्या जाळ्यात राहणाऱ्या पनवेलकरांना हे फार समजावून सांगायला नको.) याच ब्राँक्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत एका मुलीने शाळा सुरू होण्यापूर्वी नव्या कपड्यांना पैसे जमविण्यासाठी एक मेजवानी ठेवली. मुलींना पंचवीस सेंट आणि मुलांना पन्नास सेंट तिकीट होते. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ होता. त्याचे नाव क्लाइव्ह कॅम्बेल; लोक त्याला कूल हर्क म्हणत.

या हर्कच्या एक गोष्ट लक्षात आली होती. गाण्यात मध्येच गायक थांबतो, बाकीची वाद्ये थांबतात आणि काही सेकंद नुसता ड्रम वाजतो, तेव्हा नाचणाऱ्यांना सर्वांत जास्त चेव येतो. पण तो तुकडा लगेच संपतो. मग हर्कने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवल्या. पहिलीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू करायचा, आणि तो चालू असताना पहिलीची सुई पुन्हा मागे आणून ठेवायची. पाच-सात सेकंदांचा तुकडा हवा तितका वेळ चालू लागला. सारे हिप हॉप या युक्तीवर उभे आहे.

त्याच भागातला दुसरा एक मुलगा जोसेफ सॅडलर. पुढे ग्रँडमास्टर फ्लॅश या नावाने तो प्रसिद्ध झाला. मला हा हर्कपेक्षाही अधिक आवडतो. तो विद्युत उपकरणांचे शिक्षण देणाऱ्या व्यवसाय-शाळेचा विद्यार्थी होता आणि भंगारातून सुटे भाग आणून यंत्रे जोडीत असे. सुई मागे नेताना ती नेमकी कोठे टेकवायची याचा हर्कला अंदाजच घ्यावा लागे, त्यामुळे ठेका अडखळे. फ्लॅशने तबकडीवर रंगीत खडूने खूण केली आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे तबकडी किती फेरे मागे फिरवायची हे ठरविले. शिवाय दुसऱ्या तबकडीचा आवाज लोकांना ऐकू जाण्यापूर्वी आपल्या एकट्याच्या कानात ऐकता यावा म्हणून त्याने एक बटण स्वतः बसविले. आज कोणत्याही डीजेच्या यंत्रावर ही सोय असते. या मुलांजवळ वाद्ये विकत घ्यायला पैसे नव्हते. त्यांनी घरातले ऐकण्याचे यंत्र वाद्य म्हणून वाजविले, आणि त्यासाठी ते आतून कसे चालते हे त्यांना ठाऊक असावे लागले.

'ती अमेरिकेतली गोष्ट झाली' असे म्हणू नका. हळदीच्या रात्री तुमच्या गावात जो बेंजो वाजतो तो कोठला आहे, याचा कधी विचार केला आहे का? नाव अमेरिकेतले, पण वाद्य जपानचे! नागोया शहरातल्या गोरो मोरिता नावाच्या माणसाने १९१२ साली ताइशोगोतो नावाचे एक वाद्य बनविले. तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसविलेल्या, डाव्या हाताने कळ दाबायची आणि उजव्या हाताने तार छेडायची. ते हिंदुस्थानात येऊन कोठे बुलबुलतरंग झाले, कोठे बेंजो झाले. मूळ वाद्याचा आवाज अगदी नाजूक. एका खोलीत ऐकण्याजोगा. आपल्या मुंबई-कोकणातल्या वादकांनी त्याच्या तारांखाली पिकअप बसवला. पिकअप म्हणजे तारेच्या कंपनांचे विजेत रूपांतर करणारे साधन. तो ॲम्प्लिफायरला जोडला, आणि हे नाजूक वाद्य ढोलताशांच्या गजरातही घुमू लागले. आगरी-कोळी गीतांची चाल कानावर पडली की आपल्याला आता त्याचाच खणखणाट आठवतो. ब्राँक्सच्या मुलांनी तबकडीचे जे केले, तेच आपल्या वादकांनी या जपानी वाद्याचे केले. त्यांना कोणी अभियंते म्हटले नाही, इतकेच.

आता आपल्या विषयाच्या गाभ्याकडे वळू. तबकडी गेली, तिच्या जागी आकडे आले. आवाजाचा एक तुकडा आकड्यांच्या रूपात साठवून हवा तेव्हा वाजवायचा, याला सॅम्पल म्हणतात. सॅम्पल म्हणजे नमुना. पण सतत बदलणारा आवाज आकड्यांत कसा उतरवायचा? याचे उत्तर पनवेलच्या खाडीवर मिळते.

समजा, तुम्हांला खाडीच्या भरती-ओहोटीची नोंद ठेवायची आहे. पाण्यात एक खांब रोवला आणि त्यावर खुणा केल्या. आता किती किती वेळाने जाऊन पाहायचे? एका आळशी मुलाने ठरविले, की रोज दुपारी बारा वाजता एकदाच पाहायचे. लागोपाठच्या दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात ती यामुळेच. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, मग बाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे बाराला पाणी जवळजवळ पूर्ण चढलेले. आता आपल्या आळशी निरीक्षकाच्या वहीत काय दिसेल? पौर्णिमेला पाणी वर, मग रोज थोडे थोडे खाली, अष्टमीला तळाशी, आणि अमावास्येला पुन्हा वर. तो खुशाल निष्कर्ष काढील, की पनवेलच्या खाडीला पंधरा दिवसांतून एकदाच भरती येते! गंमत अशी, की त्याच्या वहीतला एकही आकडा खोटा नाही. त्यांतून निघालेली लाट मात्र साफ खोटी आहे.

तर मग किती वेळा मोजावे? लाटेच्या एका फेऱ्यात दोनदाहून थोडे अधिक वेळा. खाडीवर सहा-सहा तासांनी पाहिले तरी खरी लाट हाती लागते. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ साली तारायंत्राचा विचार करताना या नियमाचा पाया घातला आणि १९४९ साली क्लॉड शॅनन यांनी तो काटेकोरपणे मांडला. आवाजाला हा नियम लावून पाहा. मायक्रोफोन हवेच्या दाबातल्या चढउताराचे विजेच्या चढउतारात रूपांतर करतो. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात, म्हणून ती वीज सेकंदातून ४० हजारांहून अधिक वेळा मोजली की काम झाले. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी ४४,१०० हा आकडा ठरला. असा विचित्र आकडा का, असे तुम्हांला वाटेल. त्या काळी इतके आकडे साठविण्यासाठी व्हिडिओ टेपचे यंत्र वापरीत. सेकंदाला ६० चित्रक्षेत्रे, प्रत्येकात २४५ वापरण्याजोग्या रेषा आणि प्रत्येक रेषेवर ३ नोंदी. गुणाकार करून पाहा.

दुसरा प्रश्न खांबावरच्या खुणांचा. खुणा एकेका हाताच्या अंतराने केल्या तर पाणी वीतभर चढलेले कळणार नाही. डिस्कवर प्रत्येक नोंद १६ बिटांची असते, म्हणजे खांबावर ६५,५३६ खुणा असतात. डावा-उजवा असे दोन प्रवाह धरले, तर एका मिनिटाच्या संगीताला सुमारे एक कोटी सहा लाख बाइट लागतात. आणि खांबच बुडाला तर? पाणी वर कितीही चढो, वहीत शेवटच्या खुणेचाच आकडा येत राहील. फार मोठा आवाज मुद्रित केला की तो फाटल्यासारखा ऐकू येतो, त्याचे कारण हेच; लाटेचा माथा सपाट कापला जातो.

एवढे समजले म्हणजे पुढच्या गोष्टीतली मजा कळेल. १९८७ साली अमेरिकेत एसपी-१२०० नावाचे एक यंत्र निघाले. आवाजाचे तुकडे साठवायचे आणि बटणे दाबून वाजवायचे, हे त्याचे काम. सेकंदाला २६,०४० नोंदी, प्रत्येक नोंद १२ बिटांची म्हणजे ४,०९६ खुणांची, आणि साठवण सगळी मिळून १० सेकंदांची! दहा सेकंदांत संपूर्ण गाण्याचा मालमसाला बसवायचा. हिप हॉपवाल्या मुलांनी काय करावे? मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी त्यांनी ४५ फेऱ्यांवर फिरविली आणि तो पळता आवाज यंत्रात भरला. मग यंत्रात तो हळू करून मूळ गतीला आणला. ४५ ला ३३⅓ ने भागा, १.३५ येतात. म्हणजे दहा सेकंदांच्या जागेत साडेतेरा सेकंद बसले. पण निसर्ग फुकट काही देत नाही. मूळ गतीच्या हिशेबाने सेकंदाला नोंदी उरल्या २६,०४० भागिले १.३५, म्हणजे सुमारे १९,३००. त्याच्या निम्म्याहून, म्हणजे साधारण ९,६०० कंपनांहून उंच आवाजांची आपल्या आळशी मुलाच्या वहीसारखी गत झाली. त्यांच्या जागी मुळात नसलेल्या खोट्या लाटा शिरल्या. ठेक्याला एक खरखरीत, मातकट रंग आला. मुलांना तो इतका आवडला, की पुढे ती खरखर हीच त्या काळच्या हिप हॉपची खूण होऊन बसली. आज तोच परिणाम साधण्यासाठी लोक पैसे देऊन सॉफ्टवेअर घेतात! एखाद्या शिक्षकाने नववीच्या वर्गात हे उदाहरण फळ्यावर सोडवून घ्यावे. बाकावर ठेका धरणारा शेवटच्या रांगेतला मुलगा त्या दिवशी पहिला हात वर करील.

आता तुमच्या खिशातल्या मोबाइलकडे पाहा. त्याच्यापुढे ते यंत्र अगदीच बापुडवाणे आहे. साधा फोनसुद्धा सेकंदाला ४८ हजार नोंदी घेतो आणि तासन्‌तास घेत राहतो. कुर्ल्याच्या नेझी या मुलाने २०१४ साली आपले 'आफत' हे गाणे आयपॅडवर मुद्रित केले आणि चित्रीकरणही त्याच्यावरच केले. पुढे त्याच्या आणि डिव्हाइन या अंधेरीच्या रॅपरच्या आयुष्यावरून स्फुरलेला 'गली बॉय' हा चित्रपट २०१९ साली सगळ्या देशाने पाहिला. त्याच वर्षी मुंबईच्या स्वदेसी या गटाने आरेच्या जंगलातले वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन गाणे केले, त्यात त्यांच्याच वस्तीचा आवाज आहे. मला पनवेलकडून याच्याही पुढचे हवे आहे.

कारण पनवेलच्या भोवतीचे आवाज झपाट्याने बदलत आहेत. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमाने उडू लागली. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळविला गेला आणि चिंचपाडा, कोपर, ओवळे, तरघर, कोंबडभुजे अशा गावांतली माणसे दुसरीकडे वसविली गेली. विमानतळ हवा की नको हा आजच्या लेखाचा विषय नाही. मी एवढेच विचारतो, की त्या गावांतल्या देवळांच्या घंटा, भातझोडणी, खाडीवरच्या हाका हे सारे हलविण्यापूर्वी कितीजणांनी मुद्रित करून ठेवले असेल? घराचा फोटो काढून ठेवण्याचे पुष्कळांना सुचते. घराच्या आवाजाचे सुचत नाही.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे माणसांचे कंठ. आगरी लग्नात विधींच्या वेळी धवलारीण धवले गाते, हे तुमच्यातल्या अनेकांनी घरीच पाहिले असेल. नाव फार जुने आहे; तेराव्या शतकातल्या महदंबेचे 'धवळे' तुम्ही मराठीच्या तासाला ऐकले आहेत. धवलारणीची गाणी तिच्या आईकडून, सासूकडून, शेजारणीकडून पाठ होत आलेली असतात. कोणत्याही वहीत ती पूर्ण सापडणार नाहीत. आज मांडवात डीजेची भिंत लागली की तिचा आवाज तिच्या शेजारी बसलेल्या नवरीलाही ऐकू येत नाही. धवलारीण म्हातारी होते, तिच्याकडून शिकणारी कोणी नसते, आणि एके दिवशी ती सारी गाणी तिच्याबरोबर जातात. ती परत मिळविण्याचा कोणताही उपाय विज्ञानाजवळ नाही. ती आज मुद्रित करण्याचा उपाय मात्र तुमच्या खिशात आहे.

हे काम मोठ्या प्रमाणावर करता येते याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाहून अधिक. बर्नार्ड बेल या संगणकशास्त्र जाणणाऱ्या संशोधकाने त्यांच्या ध्वनिमुद्रणात आणि नोंदींच्या जुळणीत मोठा वाटा उचलला. जाती थांबली होती, पण ओव्या आठवणाऱ्या बायका हयात होत्या, म्हणून हे जमले.

आता तुम्ही म्हणाल, आजीचा धवला घेऊन त्याचा रॅप करायचा? लोक हसतील, नाहीतर रागावतील. रागावण्याचे एक खरे कारण आहे, आणि ते हिप हॉपच्याच इतिहासात सापडते. १९६९ साली विन्स्टन्स नावाच्या वाद्यवृंदाने 'आमेन, ब्रदर' ही तबकडी काढली. तिच्यात ग्रेगरी कोलमन या ड्रमवादकाने सहा-सात सेकंदांचा एक तुकडा वाजविला आहे. हा तुकडा पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला; जगात सर्वाधिक वापरलेल्या सॅम्पलांमध्ये त्याची गणना होते. कोलमनला त्याबद्दल काही मिळाले नाही. तो २००६ साली हलाखीत वारला. २०१५ साली चाहत्यांनी वर्गणी काढून वाद्यवृंदाच्या प्रमुखाला सुमारे २४ हजार पौंड दिले, तेव्हा कोलमनला जाऊन नऊ वर्षे झाली होती. जी संस्कृती गरिबांच्या कारागिरीतून उभी राहिली तिनेच एका गरीब वादकाला असे विसरावे, हे मला अजिबात पटत नाही. तेव्हा धवलारणीचा आवाज घ्याल तर आधी तिला विचारा. काय करणार आहात ते नीट समजावून सांगा. विधीतले एखादे गाणे गमतीला वापरू नये असे ती म्हणाली, तर ते वापरू नका, नुसते जपून ठेवा. गाण्याबरोबर तिचे नाव द्यावे असे तिला वाटत असेल तर ते द्या. आणि गाण्यातून चार पैसे मिळालेच तर त्यातला तिचा वाटा तिच्या घरी पोचवा.

मुद्रणाच्या पद्धतीबद्दल थोडे सांगतो. फोनच्या मुद्रण-ॲपमध्ये डब्ल्यूएव्ही हा प्रकार असेल तर तोच निवडा, एमपी-३ नको. एमपी-३ मध्ये कानाला सहसा न जाणवणारे भाग टाकून देऊन साठवण दहा-अकरा पटींनी कमी करतात. ऐकायला ते ठीक, पण टाकलेले परत येत नाही, आणि पुढे त्याच तुकड्याला ताणायचे-दाबायचे असेल तर ती उणीव उघडी पडते. 'गोंगाट कमी करा' अशी सोय असेल तर ती बंद ठेवा. फोनला ढोलकीची थाप आणि गोंगाट यांतला फरक नेहमीच कळतो असे नाही. वारा असेल तर मायक्रोफोनवर पातळ स्पंजाचा तुकडा बांधा. गाणारीपासून हातभर अंतरावर फोन ठेवा, आणि प्रथम अर्धा मिनिट मुद्रण करून खांब बुडत नाही ना, ते पाहा. सुरुवातीला गाव, तारीख आणि वेळ स्वतःच्या आवाजात बोला. कागद हरवतो, हे हरवत नाही. पावसाळ्यात कर्नाळ्याच्या जंगलात कस्तुराची शीळ मिळेल, फलाटावर लोकलची घोषणा मिळेल, बाजारात मासे तोडणाऱ्या कोयत्याचा ठोका मिळेल. कोयत्याचा ठोका आणि पाण्याच्या रिकाम्या पिंपावरची थाप यांतून उत्तम ठेका बनतो. पिंपाची थाप निम्म्या गतीने वाजवून पाहा; कंपनसंख्या निम्मी होऊन ती एक सप्तक खाली उतरेल आणि डीजेच्या 'बास'लाही लाजवील.

बास म्हटला की काही मुलांचे डोळे चमकतात, म्हणून हेही सांगणे भाग आहे. ध्वनीची पातळी ३ डेसिबलने वाढली की त्याची ऊर्जा दुप्पट होते. ८५ डेसिबल आठ तास सोसणाऱ्या कानाला ८८ डेसिबल चारच तास सोसतात, ९१ दोन तास, आणि १०० डेसिबलला ती मुदत पाव तासावर येते. कानाच्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ठेका बनविणाऱ्याचे हत्यार म्हणजे त्याचा कान. ट्रकवरच्या स्पीकरच्या भिंतीसमोर उभे राहणे ही शौर्याची बाब आहे असे ज्याला वाटते, त्याने पुढे मिक्सरला हात न लावलेलाच बरा.

शिक्षकांना माझी सूचना अशी. प्रयोगशाळेत नादकाटा आणि अनुनादाची नळी असते, ती असूच द्या. पण तिच्या शेजारी एक जुना संगणक ठेवा. आवाजाची लाट पडद्यावर दाखवून ती कापण्या-जोडण्याची सॉफ्टवेअरे फुकट मिळतात. ऑडॅसिटी हे त्यांतले एक. खर्च जवळजवळ नाहीच. मुलांना एकच आवाज सेकंदाला ४४ हजार नोंदींनी आणि मग ४ हजार नोंदींनी साठवून ऐकू द्या. नायक्विस्टचा नियम त्यांना पुन्हा शिकवावा लागणार नाही. आणि यंदाच्या स्नेहसंमेलनात रॅप जरूर ठेवा, मात्र अट घाला: ठेक्यातला प्रत्येक आवाज पाच किलोमीटरांच्या आतला असावा, आणि तो कोठून, केव्हा, कोणाच्या परवानगीने घेतला हे गाणाऱ्याने रंगमंचावर सांगावे. काहीजण कुरकुरतील, दोन-तीन ठेके अगदी बेसूर होतील. होऊ देत.

तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होईल. ओळखीच्या घरचे लग्न असेल तर आदल्या दिवशी जाऊन धवलारणीला भेटून ठेवा, डीजेवाल्याला विधी चालू असेपर्यंत थांबायला घरातल्या वडीलधाऱ्यांकडून सांगा, आणि फोनमधली जागा मोकळी करून बॅटरी पूर्ण भरून न्या, कारण विधी बराच वेळ चालतात.